निळ्या अंगठ्याचा गुरुवार

माझ्या कामाच्या टेबलावर कागद दाबून ठेवायला एक जडसा ठोकळा आहे. वर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चळत, खाली तांब्याचं बूड. उलटा केला तर त्या बुडात आपला चेहरा दिसतो, अगदी टिकली सरळ करता येईल इतका. घरी ड्रॉइंग न्यायला येणारी माणसं हमखास विचारतात, मॅडम, हे काय? मग मी सांगते, की हा माझ्या पहिल्या कॉम्प्युटरचा कूलर. प्रोसेसरच्या डोक्यावर बसून त्याची उष्णता ओढून घ्यायची हे याचं काम, आणि माझ्या वडिलांनी एका गुरुवारी तो हाताने घासला म्हणून माझा धंदा उभा राहिला. गेल्या आठ वर्षांत ही गोष्ट मी इतक्यांना सांगितली आहे, की चहाला उकळी येईपर्यंत ती बरोबर संपते. गेल्या महिन्यात कळलं, की मी ती अर्धीच सांगत होते.

तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला होते. फिक्स्चरची ड्रॉइंग करायचे. वेल्डिंग करताना गाडीचे पत्रे हलू नयेत म्हणून त्यांना घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चौकट म्हणजे फिक्स्चर. काम आवडायचं, साहेब आवडायचा नाही. एकदा माझ्या तीन आठवड्यांच्या ड्रॉइंगवर त्याने स्वतःचं नाव घातलं आणि मीटिंगमध्ये माझ्यासमोरच ते सगळ्यांना समजावून सांगितलं. हिच्या नाकावर राग असतो, असं आई मी फ्रॉकात होते तेव्हापासून सांगत आली आहे. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि उठले. साहेब हसला. "जाऊन या," म्हणाला. "खुर्ची ठेवतो तुमची रिकामी. याल परत." पुढे कितीतरी दिवस जेवताना घास घेतला की मला ते हसणं आठवायचं.

आमचं घर कुरुळीत, चाकणच्याच पट्ट्यात. गाव म्हणायचं ते आता सवयीने. बांधाबांधांवर कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत, आणि सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांचे हॉर्न आम्हाला उठवतात. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात, टूल रूममध्ये फिटर होते. पत्रा दाबून त्याला आकार देणारे जड साचे असतात, त्यांचे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसवणं हे त्यांचं काम. एका भागावर निळा लेप अगदी पातळ लावायचा, दुसरा त्यावर टेकवून उचलायचा आणि निळं कुठे उठलं ते बघायचं. उठलं तिथे उंचवटा. तो घासायचा आणि पुन्हा टेकवायचा. हे निळं साबणाने जात नाही. माझ्या लहानपणी आबांचा उजवा अंगठा कायम निळा असायचा. माझ्या वह्यांवर, आईच्या डब्यांच्या झाकणांवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो उठलेला असायचा. शाळेत बाईंनी विचारलं, वहीवर ही शाई कसली? मी ऐटीत सांगितलं, ती शाई नाही बाई, ते आमचे आबा.

जेवताना आबा टूल रूमच्या गोष्टी सांगायचे आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा यायचे ते उस्ताद. राजगुरुनगरहून रोज एसटीने येणारे हे मुसलमान गृहस्थ. आबांना काम त्यांनी शिकवलं. त्यांची एक रीत होती. नव्या माणसाने एखादा भाग बिघडवला तर ते ओरडायचे नाहीत. स्वतःच्या हाताने नवा करायचे, बिघडलेला तुकडा आपल्या कप्प्यात टाकून कुलूप लावायचे, आणि त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढायचे नाहीत, साहेबापुढे नाही आणि त्या माणसापुढेही नाही. दुसऱ्या दिवशी तेच काम परत त्याच माणसाला द्यायचे. रिटायर होताना त्यांनी कप्पा उघडला आणि ज्याचे त्याला तुकडे वाटले. आबांच्या वाट्याला चार आले. ते चिंधीत बांधून आबांनी हत्यारांच्या पेटीत सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवले. लहानपणी मी ते भातुकलीला मागायचे आणि आबा, जे मला कधी कशाला नाही म्हणाले नाहीत, ते देत नसत.

मी नोकरी सोडली त्याच्या आदल्या वर्षी आबांचा हात थरथरायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. कंपनीने काढलं नाही, पण टूल रूममधून उचलून स्टोअरला बसवलं. नट-बोल्ट मोजून द्यायचे. बघता बघता अंगठा स्वच्छ झाला. आई म्हणाली, बरं झालं, माझे डबे सुटले. पण तिलाही तो अंगठा बघवत नसावा, कारण त्यानंतर तिने डब्यांवरचे जुने डाग घासायचं बंद केलं. आबा घरी येऊन ओट्यावर बसायचे आणि हाताच्या मुठी वळून मांडीखाली ठेवायचे.

घरूनच ड्रॉइंगची कामं घ्यायची असं मी ठरवलं. त्यासाठी दणकट कॉम्प्युटर हवा, तो तयार न घेता सुटे भाग आणून मी स्वतः जोडला. दिवाणावर चादर पसरून दिवसभर बसले होते. आबा दोनदा डोकावले, "काय धरू का?" म्हणाले. मी म्हटलं, "नको, माझं मी करते." त्या दिवसांत माझ्या तोंडी हे एकच वाक्य होतं. पहिल्या बटणाला तो चालू झाला तेव्हा मी एवढी खूष झाले की आईला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी प्रत्येक कारखान्यात मशिनं धुऊन पुसून हळदकुंकू लावतात आणि झेंडूच्या माळा घालतात. त्या वर्षी आबांच्या ताब्यात पूजा करायला मशीन नव्हतं. त्यांनी माझ्या कॉम्प्युटरला कुंकू लावलं आणि त्याच्या जाळीवर भली जाडजूड माळ चढवली. मी हसले. ते मात्र हात जोडून बराच वेळ उभे होते.

दसऱ्यानंतर काम आलं. निघोज्याच्या एका वर्कशॉपवाल्या भाऊंनी अख्ख्या फिक्स्चरची ड्रॉइंग करायला दिली. "शनिवारपर्यंत द्या. जमलं तर पुढचं सगळं तुम्हालाच," म्हणाले. न जमलं तर काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती खुर्ची होतीच.

सोमवारी मी फिक्स्चरच्या एकेका भागाचं ड्रॉइंग काढलं, कॉम्प्युटर मुकाट चालला. मंगळवारी ते सगळे भाग स्क्रीनवर एकत्र जोडायला घेतले आणि कूलरवरचा पंखा असा काही घुमायला लागला की आई चक्की लावली का म्हणून बघायला आली. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान दिसायचं. नव्वद, पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव, आणि मग फट्कन अंधार. पुन्हा चालू केलं, पुन्हा जोडायला घेतलं, वीस मिनिटांत पुन्हा अंधार. मी कॅबिनेटचं दार काढलं. टेबलफॅन आणून त्याच्या तोंडावर लावला. खिडकीशी नेला, तर ट्रकांची धूळ आत यायला लागली म्हणून तिथून उचलला. खिडकीला ओला टॉवेल टांगला. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात मी स्वतः तापलेली. इंटरनेटवर जो तो एकच सांगत होता, कूलर काढा, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून नवी लावा, नीट बसलाय का बघा. ते वाचलं की मी पुढे सरकायचे. कूलर मी बसवला होता, तो नीटच बसला होता.

बुधवारी पंख्याच्या पात्यांत मला झेंडूच्या तीन पाकळ्या सापडल्या. झालं, माझ्या रागाला घर मिळालं. आबा स्टोअरमधून नुकते येऊन चपला काढत होते. मी पाकळ्या त्यांच्यासमोर धरल्या. "तुमची पूजा! माळ घातलीत, पाकळ्या आत गेल्या, आणि मशीन तापायला लागलं. शनिवारी मला परत त्या साहेबापुढे जाऊन उभं राहायला लागणार, कळतंय का?" आबा म्हणाले, "मी बघू का जरा?" मी म्हटलं, "यातलं तुम्हाला काही कळत नाही, आबा. हे लोखंड नाहीये." आबांनी त्या पाकळ्या माझ्या हातातून घेतल्या आणि तुळशीत टाकल्या. पाकळ्या काढूनही मशीन तापतच होतं, पण मी शब्द मागे घेतले नाहीत. ते आठवलं की आजही माझं मलाच वाईट वाटतं.

आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. सकाळी आंघोळ करून आबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "तायडे, त्यो पंखा काढून दी मला."

"तुम्हीच काढा. चार स्क्रू आहेत. मोडला तर मोडला, तसंही सगळं संपलंच आहे," असं म्हणून मी तणतणत गच्चीवर गेले आणि आईने नुकतेच वाळत घातलेले ओले कपडे उगीचच काढत बसले. आईने खालून हाक मारली तेव्हा ते परत घालत बसले.

खाली आले तर ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं. जुन्या शोकेसची काच फरशीवर आडवी ठेवलेली. कूलर लख्ख पुसलेला, बूड वर करून. आणि आबांच्या हातात ती निळ्या लेपाची ट्यूब, जी मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

"हिकडं ये. ह्याचं बूड कुनी तपासलं व्हतं का?"

"आबा, ते कंपनीतून तयार येतं."

"आमच्या कंपनीतनंबी तयारच जायचं. पन तपासल्याबिगर न्हाई."

त्यांनी काचेवर निळं पुसटसं पसरलं, कूलर टेकवला, उचलला आणि मला दाखवला. तांब्याच्या मधोमध नाण्याएवढा निळा ठिपका, बाकी सगळं कोरं. "बघ. मधी फुगीर हाय. कडा टेकतच न्हाईत. मग गरमी जायाची कुठनं?"

माझा राग तिथेच उतरला. लहानपणापासून पाहत आलेलं ते निळं, त्यावर मी काय वाद घालणार. मी फतकल मारून खाली बसले आणि विचारलं, "मग आता?"

"आता काय, घासायचं."

काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, त्यावर तेलाचे दोन थेंब सोडले, आणि आबा आठाच्या आकड्यात कूलर फिरवायला लागले. हात उचलताना थरथरायचा, काचेला टेकला की थरथर कुठे जायची कोण जाणे. वीस फेऱ्या झाल्या की पुसायचं, निळ्यावर टेकवायचं, बघायचं. ठिपका हळूहळू कडांकडे पसरायला लागला. मी पेपर कापून द्यायचे, खरबरीत संपला की बारीक, बारीक संपला की त्याहून बारीक. आई ओट्यावरच ताटं घेऊन आली. "तीस वर्षं कंपनीत घासून पोट भरलं नाही ह्यांचं," म्हणाली आणि तिथेच टेकून बघत बसली. आबा कितीतरी महिन्यांनी जेवताना बोलले. उस्तादांची एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली आणि आम्ही दोघी दोन्ही वेळा हसलो. शनिवार दोन दिवसांवर होता आणि मला घाई सुचत नव्हती. इतका सुखाचा गुरुवार माझ्या आठवणीत दुसरा नाही.

चारच्या सुमाराला बूड काठोकाठ निळं उठलं. मग त्यांनी ते पुसून असं चमकवलं की मला माझा घामेजलेला चेहरा दिसला. प्रोसेसरवर पेस्ट लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेस्टची ट्यूब माझ्या हातात दिली. "हे तू लाव. मला त्यातलं कळत न्हाई." टोमणा होता का, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मला लागायचा तो लागला. स्क्रू मी आवळले, ते शेजारी बसून सांगत होते, "समोरासमोरचे घे. थोडं थोडं आवळ."

चालू केला. सगळं फिक्स्चर एकत्र जोडायला लावलं. आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत बसलो. साठ, पासष्ट, सत्तर, एकाहत्तर. एकाहत्तरावर जो थांबला तो हलला नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. आई म्हणाली, "आता चहा टाकू का?" आबा उठले, उठताना कॅबिनेटला हात टेकला आणि पांढऱ्या पत्र्यावर त्यांचा अंगठा उठला. निळा. मी तो पुसला नाही.

शनिवारी दुपारी ड्रॉइंग गेली. भाऊंनी त्यात दोन ठिकाणी सुधारणा सांगितल्या आणि सोमवारी पुढचं काम पाठवलं. ते अजून पाठवतात. साहेबाचा पुढे फोन आला होता, खुर्चीचं काय? मी म्हटलं, "द्या कुणालाही." आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन आईला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना सांगत आले.

आता आबा रिटायर होऊन किती वर्षं झाली. हात इतका थरथरतो की आई त्यांना चहा अर्धाच कप देते, दोनदा. गेल्या महिन्यात त्यांच्या चष्म्याची काडी ढिली झाली. "पेटीत बारका स्क्रूड्रायव्हर आसंल बघ," म्हणाले. वरच्या कप्प्यांत मिळेना म्हणून मी सगळ्यात खालचा उघडला. तिथे ती चिंधी होती. मी आता चाळिशीला आले आहे, भातुकली खेळायची नाही, तरी राहवलं नाही म्हणून सोडली. उस्तादांनी परत दिलेले लोखंडाचे चार तुकडे, तेलात जपलेले. आणि पाचवं काहीतरी, कागदात गुंडाळलेलं.

आत पारदर्शक प्लास्टिकची पातळ चकती होती, तांब्याच्या बुडाएवढी. मधोमध राखाडी पेस्ट वाळून दगड झालेली. एका कडेला लाल शेपूट, त्यावर इंग्रजीत छापलेलं, बसवण्याआधी हे काढा. आणि त्या शेपटीवर निळा अंगठा.

मी पेटीपाशीच खाली बसले. नव्या कूलरच्या बुडाला ओरखडे पडू नयेत म्हणून ते प्लास्टिक लावलेलं असतं, ते सोलून मगच बसवायचं. मी सोललं नव्हतं. प्रोसेसर आणि तांबं यांच्यामध्ये मी माझ्या हाताने प्लास्टिकचा कागद ठेवला होता, आणि तीन पाकळ्यांवरून म्हाताऱ्या बापाला बोलले होते. मी गच्चीवर ओले कपडे काढत होते तेव्हाच आबांना ते दिसलं असणार. सोलायचं, पुसायचं, परत बसवायचं, दहा मिनिटांचं काम. पण मग मी खाली येऊन विचारलं असतं, काय केलंत? म्हणून त्यांनी शोकेसची काच काढली. थरथरत्या हातांनी दिवसभर घासत बसले, माझी चूक झाकायला. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मग तोंड धुऊन, स्क्रूड्रायव्हर आणि ती चकती घेऊन ओट्यावर गेले. चष्म्याची काडी आवळली, चकती त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "आबा, खरं सांगा. त्या दिवशी घासायची गरज होती का?"

बिनचष्म्याचे डोळे बारीक करून त्यांनी चकतीकडे पाहिलं. ओळखायला वेळ लागला नाही. "थोडी व्हती," म्हणाले. "फुगीर व्हतंच त्ये."

"मला सांगायचं तरी."

"सांगून काय झालं आसतं? येवढंबी मला जमत न्हाई म्हनली आसतीस, आन् शनवारी जाऊन त्या खुर्चीत बसली आसतीस."

खरं होतं. अगदी तेच केलं असतं मी. त्यांनी चष्म्यासाठी हात पुढे केला, तो थरथरत होता. मी चष्मा हातात न देता त्यांच्या डोळ्यांवर बसवला, आणि चकती परत कागदात गुंडाळून त्या चार तुकड्यांशेजारी ठेवायला आत गेले.